वायरपासून कर्नलपर्यंत: लिनक्स लॅपटॉपवर यूएसबी माउस बंद पडला तर

दांडिया बाजारातल्या काकूंचा गेल्या आठवड्यात सकाळीच फोन आला. “अरे, माउस बंद पडलाय बघ. बाण जागचा हलत नाही. खालचा कॉम्प्युटरवाला म्हणतो, ‘आ लिनक्स-बिनक्स काढी नाखो, बेन.’ काय करू?”

काकूंचा लॅपटॉप बारा वर्षांचा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्या यंत्रावर बसेना, म्हणून मीच त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्सची एक सिस्टिम, चढवून दिलं होतं. आता काहीही बिघडलं की पहिला संशय लिनक्सवर येतो. घरात नवीन माणूस आलं की हरवलेल्या वस्तूचा संशय त्याच्यावर यावा, तसं. बडोद्यात माझ्या ओळखीतली बरीच घरं अशीच नुकती लिनक्सवर आली आहेत. हा लेख त्यांच्यासाठी, आणि तुम्हीही नवखे असाल तर तुमच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो. माउस चालेनासा झाला की दोष चारपैकी एका जागी असतो: माउस आणि त्याची वायर, लॅपटॉपचं पोर्ट (पिन लावायचं भोक), कर्नल (लिनक्सचा गाभा, जो यंत्राच्या भागांशी बोलतो), किंवा डेस्कटॉपची, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-मेनूंची, सेटिंग. तपासायचं याच क्रमानं. लोक उलटीकडून सुरुवात करतात. आधी इंटरनेटवरच्या आज्ञा टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चिकटवतात, मग सगळी सिस्टिम नव्यानं घालतात, आणि शेवटी कळतं की वायर तुटलेली होती. काकूंच्या घरीही तेच होणार होतं.

आधी कीबोर्डवर चालायला शिका

माउस नसताना घाबरू नका. कंट्रोल आणि एस दाबून चालू काम जतन करा. ऑल्ट आणि टॅबनं खिडक्या बदलतात, ऑल्ट आणि एफ४ नं खिडकी बंद होते. विंडोजची खूण असलेल्या बटणानं मिंटचा मेनू उघडतो. मग हव्या त्या प्रोग्रॅमचं नाव टाइप करून एंटर दाबायचं. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबले की मिंट आणि उबुंटूमध्ये टर्मिनल उघडतं. पुढचं बरंचसं काम तिथेच आहे.

टचपॅड चालतो का तेही बघा. मिंटच्या आणि इतर काही डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये “माउस लावला की टचपॅड बंद” अशी सोय असते. ती चालू असेल तर बिघडलेला माउस लावून ठेवल्यानं टचपॅडही गप्प होतो आणि लॅपटॉपच गेला असं वाटतं. माउस उपटा, टचपॅड परत येईल. बऱ्याच लॅपटॉपना वरच्या ओळीत टचपॅड बंद-चालू करणारं बटणही असतं आणि ते चुकून दाबलं जातं.

माउस आणि त्याची वायर

माउस उलटा करा. तळाशी तांबडा दिवा दिसतो का? दिसला तर पोर्टातून ५ व्होल्टची वीज माउसपर्यंत पोचते आहे, एवढंच त्यातून कळतं. दिवा लागतो म्हणजे माउस चांगला, असं नाही. यूएसबी माउसच्या वायरीत चार तारा असतात. त्यातल्या दोन वीज नेतात आणि दोन माहिती नेतात. माहितीची एक तार तुटली तरी दिवा लागू शकतो. उलट काही माउसांत डोळ्यांना न दिसणारा अवरक्त दिवा असतो, तिथे प्रकाश दिसला नाही म्हणजे माउस मेला असंही म्हणता येत नाही.

भिंगाच्या भोकात बघा. केस, कापूस, लिलो चिवडा खाताना पडलेला बटाट्याचा कीस, काय वाटेल ते तिथे अडकतं. बाण थरथरत असेल किंवा मध्येच उडी मारत असेल तर बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं. माउस काचेच्या टेबलावर ठेवला असेल तर खाली कागद घाला. काचेवर साध्या ऑप्टिकल माउसला काही दिसत नाही.

आता वायर. वायर साधारण दोनच जागी तुटते: माउसच्या नाकाशी, जिथून ती बाहेर येते, आणि पिनेच्या मानेशी. मधल्या भागात तुटली असेल तर एकदा उंदराचे दात शोधा, जुन्या वाड्यांत ते नवल नाही. माउस लावलेला असताना या दोन्ही जागी वायर अंगठ्यानं हळूच वाकवा आणि बाणाकडे बघा. क्षणभर जरी बाण हलला तरी दोष तिथेच आहे.

मग दुसरा साक्षीदार. माउस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. घरात दुसरा कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइड फोन घ्या. पन्नास-शंभर रुपयांत ओटीजी अडॅप्टर मिळतो, त्यात माउस लावून तो फोनला जोडला की पडद्यावर बाण उमटतो. काही फोनांत सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी आधी चालू करावं लागतं. ही चाचणी मला फार आवडते, कारण अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे. फोनवर माउस नीट चालला तर “लिनक्सला हा माउस चालत नाही” हा वाद तिथल्या तिथे मिटतो. तिथेही चालला नाही, तर लॅपटॉपला हात न लावता माउस दुरुस्त करा किंवा नवा आणा.

पोर्ट

दुसऱ्या पोर्टात लावून बघा, हे सगळे सांगतात. पण बघायचं कसं, ते कोणी सांगत नाही. मध्ये हब किंवा एक्स्टेन्शन असेल तर ते काढा आणि माउस थेट लॅपटॉपला लावा. लॅपटॉपच्या दोन्ही कडांची पोर्टं वापरून बघा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एका बाजूची पोर्टं एका छोट्या वेगळ्या पट्टीवर असतात आणि ती पट्टी आतल्या केबलनं जोडलेली असते. त्यामुळे एकीकडची सगळी पोर्टं बंद आणि दुसरीकडची ठणठणीत, असं होऊ शकतं.

“पेनड्राइव्ह त्याच पोर्टात चालतो, मग पोर्ट चांगलं आहे,” असं काकूही म्हणाल्या. हे नेहमी खरं नसतं. आत निळं प्लास्टिक असलेल्या यूएसबी ३ पोर्टात जुन्या यूएसबीच्या चार पट्ट्या असतात आणि जास्तीच्या वेगासाठी आणखी पाच. माउस फक्त जुन्या चार वापरतो. वेगवान पेनड्राइव्ह माहितीसाठी नव्या पाच पट्ट्यांवर काम करू शकतो. म्हणून जुन्या चारांतली माहितीची एखादी पट्टी झिजली किंवा गंजली, तर पेनड्राइव्ह चालेल आणि माउस चालणार नाही, हे शक्य आहे. पोर्ट तपासायचं तर दुसऱ्या माउसनं किंवा यूएसबी कीबोर्डनं तपासा.

गंजाचं म्हणाल तर आमच्या गावाला त्याची चांगली ओळख आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. ज्यांचे लॅपटॉप पाण्यात गेले नाहीत, त्यांच्याही घरात कित्येक दिवस ओल राहिली. अशा घरातल्या एका लॅपटॉपच्या पोर्टात टॉर्च मारून पाहिलं तेव्हा पट्ट्यांच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर बसलेला होता. तो साफ करायचा असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. मऊ ब्रशला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हळूच फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या. सुई, टाचणी, सेफ्टी पिन आत घालू नका. पट्टी वाकून शेजारच्या पट्टीला टेकली तर माउसच्या जोडीला पोर्टही जाईल.

पिन आत जाताना ढिली वाटते का, तेही हाताला कळू द्या. यूएसबीची नेहमीची चपटी पिन साधारण १५०० वेळा लावण्या-काढण्याच्या हिशोबानं बनवलेली असते. रोज दोनदा माउस लावणाऱ्या माणसाची ती मर्यादा दोन-सव्वादोन वर्षांत गाठली जाते.

इथे एक अभिमानाची गोष्ट सांगायला हवी. यूएसबी १९९६ मध्ये जगापुढे आलं. इंटेलमध्ये ते घडवणाऱ्या चमूतले अजय भट्ट हे आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे इंजिनिअर. तिथली तंत्रज्ञान शाखा ज्या कलाभवनातून वाढली, ते सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेलं. या कामासाठी भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१३ चा युरोपियन इन्व्हेंटर पुरस्कार मिळाला. पिन दोन्ही बाजूंनी बसावी असं का केलं नाही, याचं कारणही त्यांनीच सांगितलं आहे: तारा आणि सर्किट वाढले असते आणि खर्चही वाढला असता. म्हणून पिन बसली नाही तर जोर लावू नका, उलटी करा. जोरानं कोंबलेल्या पिनांनी तुटलेली पोर्टं मी कितीतरी पाहिली आहेत.

पोर्ट सोडून पुढे जाण्याआधी शेवटचा उपाय. लॅपटॉप रीस्टार्ट करू नका, पूर्ण बंद करा. चार्जर आणि सगळ्या यूएसबी वस्तू काढा. पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, मग चालू करा. कधीकधी पोर्टचा आतला नियंत्रक अडकून बसलेला असतो आणि नुसत्या रीस्टार्टनं त्याची वीज जात नाही. अशानं तो मोकळा होतो.

टर्मिनल: कर्नलला काय दिसतंय

आतापर्यंत माउस आणि पोर्ट दोन्ही निर्दोष सुटले असतील तर आता लिनक्सला विचारायचं. काकूंना मी आज्ञा फोनवर अक्षर-अक्षर सांगतो, इथेही तसंच करतो. सगळी अक्षरं इंग्रजी आणि छोट्या लिपीतली. “जागा” म्हटलं की स्पेस बार, “रेघ” म्हटलं की शून्याशेजारची आडवी रेघ.

पहिली आज्ञा: एल, एस, यू, एस, बी. सलग पाच अक्षरं, मग एंटर. यूएसबीवर कर्नलला जे जे दिसतंय त्याची यादी येते. आधी माउस काढून ही आज्ञा द्या आणि ओळी मोजा. मग माउस लावून पुन्हा द्या. एक ओळ वाढली तर कर्नलला माउस दिसतोय. त्या ओळीत कोलनच्या दोन बाजूंना चार-चार अंक-अक्षरांचा एक क्रमांक असतो. पहिले चार कंपनीचे, पुढचे चार त्या मॉडेलचे. तो कागदावर लिहून ठेवा.

ओळ वाढली नाही तर दुसरी आज्ञा, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची तीच: एस, यू, डी, ओ, जागा, डी, एम, ई, एस, जी, जागा, रेघ, डब्ल्यू. पासवर्ड विचारेल. तो टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा दिसला नाही तरी चालेल. काही सिस्टिममध्ये तसंच असतं, पासवर्ड नीट जात असतो. एंटर दाबा. बऱ्याच ओळी सर्रकन वर जातील आणि पडदा थांबेल. ही कर्नलची रोजनिशी आहे आणि ती आता तुमच्यासमोर लिहिली जाते आहे. एंटर चार-पाच वेळा दाबून थोडी मोकळी जागा करा, म्हणजे नवीन ओळी वेगळ्या दिसतील. आता माउस लावा आणि बघा काय उमटतं.

काहीच उमटलं नाही तर कर्नलला काही लागल्याचं जाणवलंच नाही. पुन्हा वायर किंवा पोर्ट. लिनक्स इथे निर्दोष आहे. एकच अपवाद: बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताना लिनक्सच्याही आधी जागा होणारा प्रोग्रॅम) यूएसबी पोर्ट बंद केलेलं असू शकतं. ऑफिसातून जुना म्हणून विकत घेतलेल्या लॅपटॉपवर ते जरूर बघा.

“न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस” असं आलं तर दचकू नका. लो-स्पीड म्हणजे माउस मंदावला असं नाही. माउसला सांगायचं तरी किती असतं? हललो, दाबला, सोडला. त्यासाठी सेकंदाला दीड मेगाबिटचा जुना वेग पुरतो आणि बरेच माउस मुद्दाम त्याच वेगाचे बनवतात. ही ओळ म्हणजे चांगली बातमी आहे. तिच्यामागोमाग माउसचं नाव आणि “इनपुट” शब्दाची ओळ आली तर कर्नलनं माउस पूर्ण ओळखला.

“डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड” आणि पुढे “एरर -७१” आलं तर कर्नलनं नाव-गाव विचारलं आणि उत्तर तुटक-तुटक आलं. चाळीच्या जिन्यात कोणी हाक मारावी आणि अर्धेच शब्द ऐकू यावेत, तसं. बहुतेक वेळा वायर, पिन किंवा पोर्टच्या पट्ट्या याला कारण असतात. -११० आलं तर विचारलं आणि वेळेत उत्तरच आलं नाही. दोन्ही प्रकारांत कर्नल काही वेळा प्रयत्न करतो आणि शेवटी “अनेबल टू एन्युमरेट” लिहून सोडून देतो. दुसऱ्या पोर्टातही हेच आलं तर माउस गेला. दुसऱ्या पोर्टात नीट आलं तर पहिलं पोर्ट गेलं.

“ओव्हर-करंट” आलं तर ताबडतोब सगळं उपटा. कुठेतरी शॉर्ट होतोय. पोर्टात टॉर्चनं बघा, धातूचा कण किंवा वाकलेली पट्टी सापडेल.

“होस्ट कंट्रोलर नॉट रिस्पॉन्डिंग, अझ्यूम डेड” हे वाचून पोटात गोळा येतो, पण बहुतेक वेळा वर सांगितल्यासारखं पूर्ण बंद करून चालू केलं की सुटतं. वारंवार येत असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्यांचं बायोस-अपडेट आलंय का बघा.

काकूंच्या घरी मी हेच केलं. खिडकीत सूरसागरावरचं ऊन, टेबलावर शेवउसळीची वाटी आणि समोर काळा पडदा. माउस लावला. ओळ आली, नावही आलं. मी माउसच्या नाकाशी वायर अंगठ्यानं दाबली, “यूएसबी डिसकनेक्ट”. सोडली, “न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस”. कर्नल प्रत्येक नव्या जोडणीला पुढचा क्रमांक देत असतो. पहिल्यांदा माउस सातवा होता. मी वायर हलवत गेलो आणि आठ, नऊ, दहा करत क्रमांक तेवीसपर्यंत पोचला. काकू चष्मा सारून पडद्यात बघत म्हणाल्या, “म्हणजे हा सारखा दारातून आत-बाहेर करतोय.” मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

पडदा थांबवायला कंट्रोल आणि सी.

दिसतो, पण झोपतो

एक वेगळी तक्रार असते: माउस चालतो, चार-पाच सेकंद हात काढला की गोठतो, आणि नुसता हलवून जागा होत नाही, बटण दाबावं लागतं. फतेगंजात राहून विद्यापीठात शिकणारी शेजारची एक मुलगी या त्रासानं महिनाभर बेजार होती. तिनं तेवढ्यात दोन माउस बदलले होते.

दोष माउसचा नव्हता, वीज वाचवण्याचा होता. बॅटरी टिकावी म्हणून तिनं पॉवरटॉप नावाचा प्रोग्रॅम घातला होता आणि त्याची “ऑटो-ट्यून” सोय चालू केली होती. ती सोय यूएसबीला लावलेल्या वस्तूंना काम नसलं की झोपवते, माउससुद्धा त्यातून सुटत नाही. बरेच माउस नुसत्या हालचालीनं झोपेतून उठत नाहीत. नेहमीच्या मांडणीत लिनक्स माउसला असं झोपवत नाही, म्हणून माउस झोपत असेल तर वीज वाचवणारं काही घातलंय का, हा पहिला प्रश्न.

उपाय असा. टर्मिनलमध्ये एस, यू, डी, ओ, जागा, मग पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, टी, ओ, पी. टॅब दाबत “ट्यूनेबल्स” पानावर जा. बाणाच्या बटणांनी माउसची ओळ शोधा, एंटर दाबा. “गुड” चं “बॅड” होईल. नावावर जाऊ नका, इथे “बॅड” म्हणजे फक्त वीज वाचत नाही असं, आणि आपल्याला तेच हवंय. हा बदल यंत्र पुन्हा चालू केल्यावर पुसला जातो. म्हणून लॅपटॉप सुरू होताना ऑटो-ट्यून आपोआप चालावं अशी व्यवस्था कोणी करून ठेवली असेल, तर ती काढून टाका. माउसला लागणारी वीज तशी थोडीच असते. यूएसबी २ च्या पोर्टातून ५०० मिलिअँपिअरपर्यंत मिळू शकते, साधा माउस १०० च्या आसपास किंवा त्याहून कमी मागतो. तेवढ्यासाठी रोजचा मनस्ताप कशाला?

दिसतो, पण ड्रायव्हर नाही

यादीत माउस दिसतो तरी बाण हलत नसेल तर: एल, एस, यू, एस, बी, जागा, रेघ, टी. हीच यादी झाडासारखी येते आणि प्रत्येक फांदीवर “ड्रायव्हर”, म्हणजे ती वस्तू चालवणारा कर्नलचा भाग, लिहिलेला असतो. माउसच्या फांदीवर यूएसबीहिड हवं. ती जागा रिकामी किंवा “नन” असेल तर एस, यू, डी, ओ, जागा, एम, ओ, डी, पी, आर, ओ, बी, ई, जागा, यू, एस, बी, एच, आय, डी. काहीच उत्तर न देता आज्ञा संपली तर काम झालं, लिनक्सची रीतच तशी आहे. “मॉड्यूल नॉट फाउंड” आलं तर बहुधा नुकतंच अपडेट झालंय आणि तुम्ही रीस्टार्ट केलेलं नाही: चालू कर्नल जुना, पण त्याच्या फायली डिस्कवरून गेलेल्या. आर्चसारख्या इतर लिनक्स सिस्टिमवर हे नेहमी होतं, मिंट-उबुंटूवर क्वचित. रीस्टार्ट करा.

हा ड्रायव्हर काढून पुन्हा घालायचा सल्ला काही जण देतात. बाहेरून लावलेला यूएसबी कीबोर्ड वापरत असाल तर तो सल्ला मानू नका. तो कीबोर्डही याच ड्रायव्हरवर चालतो, काढला की पुन्हा घालायला हात उरणार नाही.

माउस अपडेटनंतरच बिघडला अशी खात्री असेल तर जुन्या कर्नलवर जाऊन बघा. लॅपटॉप चालू होताना एस्केप दाबा, जुन्या यंत्रावर शिफ्ट धरून ठेवा. “अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स” मध्ये मागचा कर्नल निवडा. तिथे माउस चालला तर नव्या कर्नलमध्ये खोट आहे. पुढचं अपडेट येईपर्यंत जुनाच वापरा, बिनधास्त.

सगळं बरोबर, तरी बाण हलत नाही

एक शेवटची कर्नल-चाचणी. एस, यू, डी, ओ, जागा, सी, ए, टी, जागा, तिरकी रेघ, डी, ई, व्ही, तिरकी रेघ, आय, एन, पी, यू, टी, तिरकी रेघ, एम, आय, सी, ई. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. टचपॅडला हात न लावता माउस हलवा. पडद्यावर चित्रविचित्र चिन्हं सांडू लागली तर माउसचे संदेश कर्नलपर्यंत पोचत आहेत आणि दोष वर, डेस्कटॉपमध्ये आहे. कंट्रोल-सी नं थांबवा. पडद्यावरची अक्षरं बिघडली तर आर, ई, एस, ई, टी टाइप करून एंटर दाबा.

डेस्कटॉपच्या दोषासाठी एकदा लॉगआउट करून परत या. मग नवीन युजर तयार करून त्यात बघा. तिथे माउस चालला तर तुमच्या खात्यातली माउसची सेटिंग बिघडली आहे.

इतकं करूनही मन मानत नसेल तर ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स घातलं होतं, त्यावरूनच लॅपटॉप चालू करा, काही इन्स्टॉल न करता. तिथे माउस चालला तर दोष तुमच्या घातलेल्या सिस्टिमचा, नाही चालला तर यंत्राचा. दुकानात जाण्याआधी ही चाचणी केलेली असेल तर “विंडोज घाला” म्हणणाऱ्याला तुम्ही शांतपणे उत्तर देऊ शकता.

बिनवायरचा माउस असेल तर

बॅटरी बदला, तळाचं बटण चालू आहे का बघा. रिसीव्हर निळ्या यूएसबी ३ पोर्टात असेल आणि शेजारी हार्ड डिस्क चालू असेल तर बाण अडखळतो. यूएसबी ३ ची आतली धडपड २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ-लहरींत गोंगाट करते, हे इंटेलनंच २०१२ मध्ये मांडलं होतं. रिसीव्हर जुन्या पोर्टात लावा, किंवा छोट्या एक्स्टेन्शननं लॅपटॉपपासून हातभर लांब ठेवा.

काकूंच्या माउसचं काय झालं

साधा माउस दोन-तीनशे रुपयांत येतो, पण काकूंना तोच हवा होता, हाताला बसलेला. तळाच्या पट्टीखालचा स्क्रू काढून माउस उघडला. वायर तुटली होती त्याच्या पुढे दोन बोटं कापली आणि टोकं सोलली. लाल म्हणजे वीज, काळी म्हणजे जमीन (ग्राउंड), पांढरी आणि हिरवी माहितीच्या, असा यूएसबीचा नेम आहे. पण स्वस्तातल्या माउसांत तो पाळलेला असेलच असं नाही. म्हणून जुनी टोकं काढण्याआधी कुठली तार कुठे लागते त्याचा फोटो काढून ठेवा. काकूंच्या माउसमध्ये पांढऱ्याच्या जागी पिवळी होती. फोटो नसता तर ती चुकीच्या जागी लागली असती. तारा डाग देऊन जोडल्या, आणि नाकाशी वायरीला एक सैल गाठ मारून ती आतच ठेवली, म्हणजे ओढ डागांवर न येता गाठीवर येते.

तुम्हाला यातलं काही जमलं नाही आणि कोणाची मदत मागायची झाली, तर “माउस चालत नाही” एवढंच सांगू नका. माउसचा तो कोलनवाला क्रमांक द्या. यू, एन, ए, एम, ई, जागा, रेघ, आर या आज्ञेनं मिळणारा कर्नलचा आकडा द्या. माउस लावताना रोजनिशीत उमटलेल्या सगळ्या ओळी जशाच्या तशा द्या, फोटो काढून दिल्या तरी चालतील. फोनवर आणि दुसऱ्या पोर्टात माउस चालला की नाही तेही लिहा.